हळद, कुंकू, वाण आणि शिसं

रात्री साडेअकराला लेकीचा फोन वाजला की काळजात धस्स होतं. तिकडे न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात, आणि कामाच्या दिवशी भर दुपारी ती उगाच फोन करणारी नाही.

"आई, मला दिलेली ती जाड बुडाची कढई तू कुठून घेतली होतीस?"

"का गं? कान तुटला का तिचा?" मी विचारलं.

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "बाळाच्या रक्तात शिसं निघालंय."

२०२५ च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नातू तेव्हा तेरा महिन्यांचा होता. त्या राज्यात मूल एक वर्षाचं झालं की एकदा आणि दोन वर्षांचं झालं की पुन्हा, रक्तातलं शिसं तपासायचं असा नियमच आहे. आपण लशीची तारीख पाळतो तसं. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात आकडा जास्त आला, म्हणून शिरेतून रक्त घेऊन पुन्हा पाहिलं. दर डेसिलिटरला सात मायक्रोग्रॅम. पोर तर हसतं-खेळतं, पोटभर जेवणारं. ना ताप, ना उलटी. तपासलं नसतं तर कुणाला कधी कळलंही नसतं.

मग तिथल्या आरोग्य खात्याची एक बाई घरी आली. तिच्या हातात केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसणारं उपकरण होतं. ते तिने भिंतीला, खिडकीच्या चौकटीला, खेळण्यांना टेकवून पाहिलं. काही निघालं नाही. तेव्हा तिने विचारलं, "तुमच्या देशातून आणलेले मसाले, कुंकू, सुरमा, औषधं, भांडी असं काही घरात आहे का?" हा प्रश्न तिच्या छापील यादीतच होता! लेकीने सगळं ओट्यावर मांडलं. मसाले ठीक निघाले. देव्हाऱ्यातली शेंदराची डबी आणि माझी कढई, या दोन ठिकाणी मात्र आकडे भराभर चढले. शेंदूर बाळाच्या हाती लागत नव्हता. कढईत मात्र त्याची आमटी, खिचडी, टोमॅटोचं सार रोज शिजत होतं.

मैत्रिणींनो, ती कढई मी हौसेने घेतली होती. एक नाही, दोन. एक तिला, एक मला. हिंडालियमची, वजनावर मिळणारी, हातात घेतली की भरभक्कम वाटणारी. "हिच्यात आमटी खाली लागत नाही गं," असं सांगून मी ती तिच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत बसवली होती. त्या रात्री मला आधी त्या तपासणाऱ्या बाईचा राग आला, मग दुकानदाराचा आणि पहाटेपर्यंत स्वतःचा.

नंतर कळलं की माझी कढई काही जगावेगळी नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला, की बाहेरून येणाऱ्या काही भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं, ती विकू नका आणि वापरू नका. त्यात अॅल्युमिनियम आणि पितळेबरोबर 'हिंडालियम' हे नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. सुरुवातीला ज्या भांड्याचं नाव आलं ते भारतात तयार झालेलं होतं. पुढच्या काही महिन्यांत ती यादी वाढत गेली. त्याआधी २०२४ मध्येच वॉशिंग्टन राज्याने भांड्यांतल्या शिशावर मर्यादा घालणारा कायदा केला होता. तिथे आश्रयाला आलेल्या अफगाण कुटुंबांतल्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त सापडत होतं, आणि त्याचा माग काढता काढता संशोधक त्यांच्या स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियमच्या भांड्यांपर्यंत पोचले होते.

आता हे शिसं नेमकं करतं काय? आपल्या शरीराला त्याचा कणभरही उपयोग नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगात जितकं मुरतं, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात मुरू शकतं. मेंदू घडत असतानाच ते त्यात ढवळाढवळ करतं. शिकण्याची ताकद, लक्ष एका जागी ठेवणं, वागणं, या सगळ्यांवर परिणाम होतो आणि झालेली हानी पुरती भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की इतकं शिसं चालेल असा कुठलाही सुरक्षित आकडा माहीत नाही. पाच मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं की कारण शोधा आणि ते थांबवा, एवढंच.

बायकांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी होऊ लागतं, पण हाडांत जाऊन बसलेलं वर्षानुवर्षे तिथेच राहतं. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना हाडांतलं कॅल्शियम वापरलं जातं, तेव्हा त्याच्या जोडीने हे शिसंही बाहेर पडतं. म्हणजे मुलगी लहान असताना तिच्या अंगात गेलेलं शिसं, ती आई होते तेव्हा तिच्या बाळापर्यंत पोचू शकतं. शिवाय अंगात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २१ या काळात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरातल्या ६७ मुलांना आणि १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांना रक्तक्षय होता. शिशाला आणखी काय हवं?

२०२० मध्ये युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेने अहवाल काढला. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात पाच किंवा त्याहून जास्त शिसं असावं, असा त्यातला अंदाज आहे. त्यातली साडेसत्तावीस कोटी मुलं एकट्या भारतातली. हा आकडा वाचून मी माझ्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं, "तुमच्याकडे येणाऱ्या मुलांचं शिसं तपासता का हो?" ते म्हणाले, "लक्षणं असली, वडील बॅटरीच्या कामात असले, तर सांगतो. एरवी कुठे कोण सांगतं?" मोठ्या शहरांतल्या खासगी प्रयोगशाळांत ही रक्ततपासणी होते. पण लसीकरणाच्या कार्डावर तिच्यासाठी रकाना नाही. माझा नातू अमेरिकेत जन्मला म्हणून सापडला. तो इथे जन्मला असता तर त्याच कढईतली आमटी भुरकत मोठा झाला असता, आणि पुढे शाळेत लक्ष लागत नाही म्हणून आम्हीच त्याला रागावलो असतो.

आपल्या भाषेचीही गंमत आहे. जिच्यात शिसं औषधालाही नसतं तिला आपण शिसपेन्सिल म्हणतो. तिच्यात असतं ते ग्राफाइट. आणि ज्याच्यात शिसं असतं त्या वस्तूंच्या नावात त्याचा पत्ताच नाही. हळदीकुंकवाचा समारंभ आठवा. हळद लावतो, कुंकू लावतो, वाण देतो. या तिन्ही गोष्टी एकेक करून पाहू.

आधी हळद. हळकुंडं उकडायची, वाळवायची आणि मोठ्या पिंपात घालून घासायची, याला पॉलिश म्हणतात. त्यात वाईट काही नाही. पण त्याच वेळी मुठभर पिवळा रंग टाकला, की निस्तेज हळकुंड सोन्यासारखं दिसतं. काही ठिकाणी हा रंग असतो लेड क्रोमेट, म्हणजे शिसं आणि क्रोमियमचं संयुग, जे लोखंडी सामानाच्या रंगात वापरतात. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या २३ शहरांतून जमवलेल्या हळदीचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसं किलोला दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त होतं. आपल्या कायद्याची मर्यादा आहे किलोला दहा मिलिग्रॅम. पाटण्याच्या काही नमुन्यांत ते हजार मिलिग्रॅमच्या वर गेलं होतं. म्हणजे किलोभर हळदीत ग्रॅमभराहून जास्त शिसं! गुवाहाटीतही ते मर्यादेच्या कितीतरी पुढे होतं. सगळीच हळद अशी नाही, हे त्याच अभ्यासातून दिसतं. बहुतेक नमुने ठीकच होते. सगळ्यात वाईट निघाली ती सुटी, पॉलिश केलेली, चकचकीत हळकुंडं. 'पी हळद आणि हो गोरी' म्हणायचो आपण. अशी हळद प्यायली तर काय होईल कोण जाणे.

आता कुंकू. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीपासूनच व्हायचं. हळदीला लिंबाचा रस आणि टांकणखार लागला की ती लाल होते. शेंदराची गोष्ट वेगळी. खरा शेंदूर म्हणजे शिशाचंच लाल भस्म. मारुतीच्या, गणपतीच्या मूर्तीला जो लावतात तो. देवाला लावण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझ्या देव्हाऱ्यातही तो होताच. पण तो भांगात भरला, तोच हात पोळीच्या पिठाला लागला, बाळाने आईचं कपाळ चाटलं, तर तो पोटात जातो. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदुराचे ११८ नमुने तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातले ९५ अमेरिकेतल्या दुकानांतले आणि २३ मुंबई-दिल्लीचे. आपल्याकडच्या नमुन्यांपैकी ४३ टक्क्यांत शिसं अमेरिकेच्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. एकूण तीन पुड्या तर अशा निघाल्या, की त्यांत शेकडा एक भागाहून जास्त शिसं होतं. सुरम्याचंही तसंच. पारंपरिक सुरमा बहुधा शिशाच्या खनिजाचा असतो, आणि तो आपण 'डोळे मोठे व्हावेत' म्हणून तान्ह्या बाळाला घालतो. बाळाच्या हाताचा आणि डोळ्याचा, आणि हाताचा आणि तोंडाचा संबंध किती जवळचा असतो ते तुम्हाला सांगायला नको. ओळखीच्या कुणी आणून दिलेल्या औषधी पुड्यांचंही भान ठेवायला हवं. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांना शिशाची बाधा झालेली आढळली. सहाही जणी भारतातून आलेली आयुर्वेदिक म्हणवली जाणारी औषधं घेत होत्या.

आणि वाण. संक्रांतीला आपण कितीतरी वर्षं स्टीलच्या वाट्या वाटल्या, ते बरंच केलं म्हणायचं. स्टेनलेस स्टीलमध्ये शिशाची भीती नगण्य असते. शंका येते ती भंगार वितळवून ओतलेल्या अॅल्युमिनियमची, पितळेची आणि चकाकी दिलेल्या मातीच्या भांड्यांची. भंगारात गाड्यांचे सुटे भाग येतात, रेडिएटर येतात, झाळकाम केलेले तुकडे येतात. सगळं एका मुशीत गेलं की शिसंही त्यात आलं. पितळेत तर कातकाम सोपं व्हावं म्हणून मुद्दाम शिसं घालण्याची रीत आहे. आणि कल्हई? ती शुद्ध कथलाची असेल तर उत्तम. पण कथील महाग, शिसं स्वस्त, आणि दोन्ही दिसतात सारखीच. भारतासह २५ देशांच्या बाजारांतल्या पाच हजारांवर वस्तू प्युअर अर्थने तपासून घेतल्या. त्यांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. धातूच्या भांड्यांपैकी निम्म्याहून अधिक भांड्यांत ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शिसं होतं. धातूत शिसं आहे म्हणजे ते सगळं जेवणात उतरतं असं नाही. पण चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक घालून उकळलं की उतरायला मदत होते, आणि आपल्या कुठल्या आमटीत आंबट नसतं?

मग मी ठरवलं, माझं स्वयंपाकघर तपासून घ्यायचं. इथे खरी गोष्ट सुरू झाली.

एका प्रयोगशाळेत फोन केला. "मॅडम, आम्ही अन्न आणि पाणी तपासतो, भांडं नाही." दुसरीकडे म्हणाले, "भांड्याचा तुकडा कापून द्यावा लागेल." तिसरीकडे दर सांगितला. त्या हिशेबाने घरातले सगळे मसाले आणि भांडी तपासायची तर त्यापेक्षा नवा संसार मांडणं स्वस्त पडलं असतं. मैत्रीण म्हणाली, "अगं, हळद पाण्यात टाकून बघायची असते ना?" तीही करून पाहिली. ही पाण्याची परीक्षा भेसळीच्या रंगाबद्दल थोडंफार सांगते. शिसं नाही याची खात्री ती देऊ शकत नाही. परदेशात कापसाच्या काडीसारखी चाचणी मिळते. वस्तूवर घासली आणि लाल झाली तर शिसं आहे. पण अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २००७ मध्ये अशा घरगुती चाचण्या पारखल्या, तेव्हा अनेकदा शिसं असूनही त्या 'नाही' म्हणाल्या. त्यांच्यावर विसंबू नका, असाच आयोगाचा सल्ला होता.

माझ्या लेकीच्या घरी आलेलं ते यंत्र क्ष-किरणांवर चालतं. किरण वस्तूवर पडले की प्रत्येक धातू आपापल्या ओळखीचे किरण परत पाठवतो. काही सेकंदांत आकडा मिळतो, वस्तूला ओरखडाही येत नाही. हे वाचताना मला एकदम आठवलं, की हे यंत्र मी पाहिलंय. सोनाराकडे! बांगडी मोडायला नेली तेव्हा त्याने काचेच्या पेटीत ठेवून किती कॅरेट ते सांगितलं होतं. ते यंत्र याच तत्त्वावर चालतं, फक्त सोन्यासाठी बेतलेलं. सोन्याचा कस पाहायला यंत्र गल्लोगल्ली आहे. १६ जून २०२१ पासून दागिन्यांना टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. आणि ज्या पातेल्यात लेकराचा भात शिजतो त्याचा कस कुणी पाहायचा? तर आईने! कशाने? तर डोळ्यांनी!

माझं म्हणणं इथेच आहे. शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. ते उकळून जात नाही, धुऊन निघत नाही. जी गोष्ट गृहिणीला दिसूच शकत नाही, तिची राखण तिच्यावर टाकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तरीही असं काही निघालं की पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो. माझ्या लेकीला सासरहून फोन आला होता, "तू बघून घेत नाहीस का काय वापरतेस ते?" ती बिचारी काय बघणार होती?

आणि तपासणी म्हणजे नुसतं यंत्रही नव्हे. २०१५ मधलं नूडल्सचं प्रकरण आठवत असेल. एका प्रयोगशाळेने शिसं १७.२ सांगितलं, मर्यादा होती अडीच. जूनमध्ये देशभर बंदी आली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. कंपनीला बाजू मांडू दिली नव्हती, आणि तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या मान्यतेवरच प्रश्न होता. पुढे मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली आणि नमुने मर्यादेत निघाले. आपण घाबरलो, पाकिटं फेकली आणि मग पुन्हा आणली. त्यातून घ्यायचा धडा एवढाच होता, की कुणी, कुठे आणि कशा पद्धतीने तपासलं याला आकड्याइतकंच महत्त्व आहे. तो आपण घेतला नाही.

चांगल्या गोष्टी घडल्या त्या कशा घडल्या, तेही पाहू. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं. मुंबईतल्या मुलांच्या रक्ताची १९९७ ची पाहणी आणि पेट्रोल बदलल्यानंतरची, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी शेजारी ठेवली, तर दहा मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलेलं दिसतं. ही घट कुठल्या आईने पदराने गाळून आणली नव्हती. एका निर्णयाने आली. घराच्या भिंतींच्या रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियमही १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मोठ्या कंपन्यांनी तो बऱ्याच अंशी पाळला. लहान उत्पादकांच्या काही डब्यांत मात्र नंतरच्या तपासण्यांतही शिसं सापडत राहिलं, कारण नियम आला तरी दुकानात जाऊन डबा उघडून पाहणारं कुणी नव्हतं.

बांगलादेशाने ते करून दाखवलं. तिथल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, आणि आजूबाजूला ना कारखाना, ना जुना रंग. संशोधकांनी शिशाची जात जुळवून पाहिली, ती हळदीशी जुळली. १९८० च्या दशकात पुरात भिजून काळवंडलेली हळद खपवायला रंग देणं सुरू झालं, आणि मग ती रीतच पडून गेली होती. गिऱ्हाइकाला पिवळीधमक हळद आवडते, म्हणून व्यापारी रंग मागायचे आणि घासणारे तो टाकायचे. त्यांतल्या कित्येकांना तो विषारी आहे हेच माहीत नव्हतं. २०१९ मध्ये हे जाहीर होताच तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाजारपेठांत सूचना चिकटवल्या, वर्तमानपत्रांनी बातम्या लावून धरल्या. ढाक्याच्या घाऊक बाजारात ते हातातलं यंत्र घेऊन अधिकारी गेले. तिथेच हळद तपासली आणि तिथेच दंड केला. ते सगळं टीव्हीवर दिसलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के हळदीत शिसं सापडत होतं. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. दोन वर्षांत! गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही उतरलं. श्रीमंत देशाची गोष्ट नाही ही, शेजारची आहे. एक यंत्र, थोडे प्रामाणिक अधिकारी आणि घाऊक बाजार. शंभर दुकानं आणि लाखो घरं तपासण्यापेक्षा जिथे रंग मिसळतो तिथे हात घातला.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे तुम्ही-आम्हीही विकत घेतलेला खाद्यपदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र घेतानाच तसं दुकानदाराला सांगावं लागतं. माल नियमात बसत नसेल तर फी परत मिळते. किती जणींना हे माहीत आहे? मलाही नव्हतं. एकटीने दुकानदाराशी असं बोलायला जीभ रेटत नाही. पण सोसायटीच्या महिला मंडळाने, बचतगटाने मिळून पाच दुकानांची हळद तपासायला घेतली तर? भांड्यांसाठीही २०२४ मध्ये केंद्राने स्टेनलेस स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. वजनावर विकल्या जाणाऱ्या भांड्यावर ते चिन्ह शोधून पाहा. माझ्या कढईवर चिन्ह तर सोडाच, करणाऱ्याचं नावसुद्धा नाही.

तोवर घरात काय करायचं? मी जे केलं ते सांगते. आंबट सगळं स्टीलमध्ये. नाव-गाव नसलेलं अॅल्युमिनियम आणि पितळ रोजच्या रांधण्यातून बाहेर. चकाकीची रंगीत बरणी शोभेला, लोणच्याला नाही. हळद ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा बंद पाकिटातली. डोळे दिपवणारी सुटी हळकुंडं नकोत. शेंदूर देवापुरता, मुलांचा हात पोचणार नाही असा, आणि लावल्यावर हात धुवायचे. तान्ह्याच्या डोळ्यांत काही घालायचं नाही. घराचा जुना रंग खरवडायचा असेल तर गरोदर बाई आणि मुलं त्या दिवसांत दुसरीकडे, आणि धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. मुलाला लोह, कॅल्शियम मिळेल असं जेवण, पोट रिकामं न ठेवणं. आणि मूल माती, रंगाचे पापुद्रे तोंडात घालत असेल, घरात कुणी बॅटरी, झाळकाम, दागिने गाळणं असल्या कामात असेल, तर भांड्यांच्या आधी मुलाचं रक्त तपासा. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण विचारायचं. नातवाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कढई बंद केली आणि तीन महिन्यांनी आकडा चारच्या खाली आला. औषध काहीच दिलं नव्हतं. येणारं शिसं थांबलं, एवढंच.

आता राहिली माझ्याकडची दुसरी कढई.

ती सध्या माळ्यावर आहे, जुन्या साडीत गुंडाळून. आमच्याकडे काम करणाऱ्या सुनीताने दोनदा विचारलं, "ताई, ती कढई वापरत नाही का? मला द्या की." आजवर मी तिला किती भांडी दिली असतील, विचार न करता दिली. तिच्या घरी दोन लहान मुलं आहेत. जे माझ्या नातवाला नको, ते तिच्या मुलांना कसं देऊ? तिला सगळं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "मग भंगारात टाका, वजनाचे पैसे येतील." खरंच आहे. भंगारवाला घेईल, तराजूत टाकेल, ती पुन्हा मुशीत जाईल. आणि पुढच्या वर्षी त्याच धातूची नवी, जाड बुडाची, भरभक्कम कढई कुणीतरी आई आपल्या लेकीच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत बसवेल.

म्हणून ती माळ्यावरच आहे. कुठे नेऊन द्यायची ते कुणी सांगेपर्यंत.